बांधाईचा लेप

अप्पा मला एस. टी. स्टँडवर घ्यायला आले तेव्हा त्यांच्या सायकलच्या हँडलला टर्पेंटाइनचा डबा लटकत होता. माझी पिशवी त्यांनी कॅरिअरला बांधली. डबा मी हातात घेते म्हटलं तर दिला नाही.

"सांडेल," ते म्हणाले. "अलिबागहून मुद्दाम आणलाय. शेंदूर यानंच सुटतो ना?"

"सुटतो. पण अप्पा, कसला शेंदूर? तारेत तुम्ही फक्त 'लेख सापडला, लगेच निघ' एवढंच लिहिलंत. प्रदीप तार बघून आधी मटकन खालीच बसला."

"तारेत शब्दाला पैसे पडतात. चल, वाटेत सांगतो."

अप्पा म्हणजे माझे सासरे, पालवखारचे राऊत गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर कुणाला देवाचा नाद लागतो, कुणाला पत्त्यांचा. अप्पांना इतिहासाचा लागला. मी पुण्यात जुन्या शिलालेखांवर पीएच. डी. करत होते, याचा माझ्या नवऱ्यापेक्षा, प्रदीपपेक्षा, त्यांनाच जास्त अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची सून दगड वाचते." ऐकणारे माझ्याकडे जरा काळजीनंच बघायचे.

गोष्ट अशी होती की, गावाच्या खारजमिनीच्या बांधावर एक दगड होता. गाव त्याला बांधाई म्हणायचं. वर्षानुवर्षं तेलात कालवलेल्या शेंदराचे थर चढून तिचे कोपरे गोल झाले होते, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे. त्या पावसाळ्यात वरच्या बाजूची तळहाताएवढी खपली निघून पडली आणि आत अप्पांना अक्षरं दिसली. एवढं पुरे होतं. नोव्हेंबरात वारसा सप्ताह असतो, त्या निमित्तानं शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी गावाचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरवून टाकलं. उद्घाटनाला माझे मार्गदर्शक डॉ. कारखानीस यांना परस्पर पत्र घातलं. सरांचा होकारही आला.

"आणि हे बघ," म्हणून त्यांनी खिशातून पत्रिका काढली. खाली ठळक अक्षरात होतं : 'प्रमुख आकर्षण : श्री बांधाईचे मूळ रूप.'

"अप्पा, अजून शेंदूर काढलाही नाही आणि तुम्ही पत्रिका छापल्यात?"

"तू आहेस ना काढायला."

याला म्हणतात बाजारात तुरी. पण खरं सांगायचं तर माझेही हात शिवशिवायला लागले होते. कुणीही न वाचलेला लेख, तोही सासरच्या गावात. अशी संधी संशोधन करणाऱ्याला आयुष्यात किती वेळा येते?

घरी जायच्या आधी आम्ही बांधावरच गेलो. दगड कमरेएवढा उंच, चांदीचे दोन डोळे चिकटवलेले, खाली हिरवा खण गुंडाळलेला. खपली पडली होती तिथे काळा दगड दिसत होता, त्यावर चंद्राची कोर आणि कोरीखाली 'स्वस्ति' अशी सुरुवात. सूर्यचंद्र वीरगळावर असतात, सतीच्या दगडावर असतात, दानाच्या दगडावरही असतात. मी मनातल्या मनात दानाचा दगड धरून चालले. त्यापुढे विचार केला नाही. समोर देवी होती, शेजारच्या तबकात हळदकुंकू होतं, ते मी तिला वाहिलं आणि नमस्कार केला. सासरी आलेली सून जे करते ते.

"उद्या सकाळी सुरू करूया," अप्पा म्हणाले.

घरी आई वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. माझ्या सासूबाईंचं नाव मथुरा. अंगानं किरकोळ, पण गावातल्या कुठल्याही बाईचं बाळंतपण, बारसं, भांडण त्यांच्या सल्ल्याशिवाय पार पडत नसे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अप्पांच्या हातातल्या डब्याकडे.

"तो डबा घरात नको. वास येतो."

अप्पांनी तो अंगणात चाफ्याखाली ठेवला.

या दोघांचं एक वैशिष्ट्य होतं. पटत असलं की एकमेकांशी बोलायचे आणि पटत नसलं की दोघंही माझ्याशी बोलायचे. त्या संध्याकाळी मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही.

"रोहिणी, तुझ्या सासऱ्यांना विचार, पत्रिका छापायच्या आधी बांधाईला विचारलं होतं का?"

"रोहिणी, तुझ्या सासूबाईंना सांग, देवी दगडात असते, शेंदरात नसते. शेंदूर काढला म्हणून ती कुठे जात नाही. उलट नीट दिसते."

"दिसायला ती काय सिनेमात कामाला आहे?"

"गावाला आपला इतिहास कळायला नको? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, सांग तिला."

"उजाडलं की काय करायचं ते बायका बघतात, सांग त्यांना. बांधाईला कुणी हात लावायचा नाही."

"कारण सांगायला सांग."

"नाही म्हणजे नाही, हेच कारण."

अप्पा पान खायला बाहेर गेले. मी आईंच्या शेजारी बसले आणि वाल सोलू लागले.

"तू धुणार आहेस तिला?" त्यांनी विचारलं.

"आई, मी अगदी जपून करीन. दगडाला ओरखडासुद्धा..."

"ते नाही विचारलं मी."

"मला तो लेख हवाय," मी म्हटलं. "सर येणार आहेत. त्यातून माझा निबंध होईल, कदाचित माझं नाव होईल. आणि अप्पांनी सगळ्या पंचक्रोशीत पत्रिका वाटल्यात. नाही म्हटलं तर त्यांचं हसं होईल."

आईंनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. "उद्या अमावास्या आहे. परवा देवदिवाळी. दर वर्षी कार्तिकातल्या अमावास्येला आम्ही बायका बांधाईला नवा लेप देतो, तुला माहीत आहे. लग्न झाल्यापासून तू या दिवशी कधी इथे नव्हतीस. उद्या माझ्याबरोबर चल. तिथून आल्यावर धुवायची म्हणालीस, तर मी तुला अडवणार नाही. गरम पाणीसुद्धा मीच आणून देईन."

अप्पांना हे मान्य व्हायला थोडा वेळ लागला. पण 'अडवणार नाही' हा शब्द त्यांनी पक्का धरला. आपली सून शिकलेली आहे, निकाल काय लागणार हे ठरलेलंच आहे, असा त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर गेलो. गावातल्या बऱ्याच बायका आल्या होत्या. कुणाच्या हातात तेलाची वाटी, कुणाच्या शेंदराची पुडी, आणि दोघीतिघींच्या खांद्यावर जुनी धुवट नऊवारी लुगडी. पुरुषांनी त्या दिवशी बांधावर यायचं नसतं. ते रस्त्याच्या कडेला थांबतात आणि तिथूनच नारळ देतात. बांधाई कडक आहे, पुरुषाला जवळ येऊ देत नाही, असं ते आपसात सांगतात. अप्पाही रस्त्यावर चिंचेखाली बसले होते, डबा शेजारी ठेवून.

बायकांनी लुगडी उलगडली आणि दगडाभोवती चारी बाजूंनी धरली. बाळंतिणीला उघड्यावर न्हाऊ घालताना धरतात तशी. आत आम्ही चौघीच होतो. आई, शेजारच्या हिराकाकू, गावातली सगळ्यात जुनी चांगुनाआजी आणि मी.

"यंदा जुना लेप सगळाच सैल झालाय," हिराकाकू दगडावर बोट वाजवून म्हणाल्या. "नुसता वरून देऊन भागायचं नाय."

"म्हणूनच हिला आणलंय," आई म्हणाल्या. त्यांनी खण सोडला, चांदीचे डोळे काढून पदरात बांधले, कोमट तेल चोळलं आणि करवंटीची कड हलक्या हातानं खालून वर सरकवली. पावसानं काम आधीच केलं होतं. शेंदराचं जाड कवच मोठ्या मोठ्या ढलप्यांनी सुटून आलं. हिराकाकूंनी आणि चांगुनाआजीनं तोंडं फिरवली.

"बघ," आई मला म्हणाल्या. "एकदा नीट बघून घे. परत बघायचं नाही."

मी बघितलं.

वर सूर्य आणि चंद्र होते. मध्ये सात-आठ ओळींचा लेख होता. आणि खाली, जिथे इतके दिवस हिरवा खण होता तिथे, एक बाई कोरलेली होती आणि तिच्यावर गाढव. कोरणाऱ्यानं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. बाईनं तोंड पलीकडे वळवलेलं होतं.

आमच्या विषयात याला गद्धेगाळ म्हणतात. राजानं किंवा त्याच्या अधिकाऱ्यानं जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईची अशी गत होईल, अशी ती शिवी असते, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावी म्हणून चित्रात काढलेली असते. पुण्याच्या ग्रंथालयात मी अशा दगडांची कितीतरी छायाचित्रं पाहिली होती, मापं उतरवून घेतली होती, चहा पिता पिता त्यावर चर्चाही केली होती. कधी काही वाटलं नव्हतं. छायाचित्रातली बाई कुणाचीच नसते. हिला मी आदल्या संध्याकाळी कुंकू वाहिलं होतं. मला इतकी लाज वाटली की, मी पदर घट्ट ओढून घेतला. उघडी मीच असल्यासारखा.

"कळलं काय आहे ते?" आईंनी विचारलं.

"कळलं."

"असाच लेप सुटला होता त्या वर्षी मलाही माझ्या सासूनं आणून दाखवलं. तेव्हा मी रडले होते. सासू म्हणाली, रडू नकोस, शेंदूर कालव." आई हातातल्या वाटीत शेंदूर आणि तेल एकत्र करत बोलत होत्या. "जमीन कुणाची, भांडण कुणाचं, देणारा कोण, घेणारा कोण, आपल्याला काही ठाऊक नाही. पण त्यांच्या भांडणात बाईला आणून उघडी टाकली भर बांधावर. ऊनपावसात. येणारा जाणारा बघतोय. मग आपल्यातल्याच कुणीतरी पहिल्यांदा तिला शेंदूर लावला असेल. लोक शेंदराला हात लावत नाहीत, देव म्हणतात. त्यांनी तिला उघडी केली. आम्ही नेसवतो. एवढंच आहे ते."

चांगुनाआजीनं तोंड न वळवताच म्हटलं, "मथुरे, थंडी वाजत आसंल तिला. लाव आता."

आईंनी वाटी माझ्यापुढे धरली. ठरव, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी बोटं बुडवली आणि खालच्या बाजूनं लेप द्यायला सुरुवात केली. आधी चेहरा. हिराकाकूंनी आता तोंड वळवलं आणि त्याही लावू लागल्या. थोड्याच वेळात गाढव नव्हतं, बाई नव्हती, नुसती शेंदरी बांधाई होती, कमरेपर्यंत नेसलेली.

मग हात वर लेखापाशी आला आणि मी थांबले.

"आई, ही अक्षरं."

"काय लिहिलंय?"

मी गुडघे टेकून बसले आणि चाचपडत वाचत गेले. काही जागा झिजल्या होत्या, पण अर्थ लागत होता. खारजमीन देवळाच्या दिव्यासाठी दिली होती. देणाऱ्याचं नाव, साक्षीदारांची नावं. शेवटच्या ओळीत तीच शिवी होती, शब्दांत. मी ती त्यांना सांगितली.

"मग झाका गो ते पन," चांगुनाआजी म्हणाली.

"झाकूया," हिराकाकू म्हणाल्या. "पोरीबाळी वाचतील."

लुगडं धरणाऱ्या बायकांचे हात भरून आले होते. बाहेरून कुणीतरी "आटपा की" म्हणालं. आई त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. त्यांना ती वाचता येत नव्हती, आणि मला यायची तीही अडखळत.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे लिहिलंय कुणी?"

"दगड रोवणाऱ्यानं. नाव आहे त्याचं वर."

"मग ते झाकायचं आपल्याला काय कारण? चित्रातलं अंग तिचं आहे, ते आपण झाकलं. हे तोंड त्याचं आहे. कळू दे लोकांना काय बोलला होता ते." त्या माझ्याकडे वळल्या. "तू तो कागद लावून छाप घेतेस ना? घे. मग यावरही लेप देऊ."

ठशाचं सामान पिशवीत होतंच, पण तेलकट दगडावर कागद बसेना. शेवटी हिराकाकू लुगड्याबाहेर गेल्या आणि अप्पांकडून टर्पेंटाइनचा डबा मागून आणला. अप्पांनी तो इतक्या आनंदानं दिला म्हणे की, काकूंना वाईट वाटलं. मी फक्त लेखाचा भाग स्वच्छ केला, ओला कागद बसवला, ब्रशनं ठोकून अक्षरांत दाबला आणि सुकायची वाट बघत बसले. उन्हात बायका आळीपाळीनं लुगडं धरत होत्या.

"झालं का?" रस्त्यावरून अप्पांचा आवाज आला.

"आंघोळीला बसलेल्या बाईला कुणी हाक मारतं का?" आईंनी आतून उत्तर दिलं. चांगुनाआजी खुदकन हसली.

शाई फिरवून कागद सोडवला तेव्हा सगळ्या ओळी काळ्यावर पांढऱ्या उमटल्या होत्या. मग आम्ही वरचा भागही शेंदरानं झाकला, डोळे बसवले, नवा खण गुंडाळला आणि लुगडी खाली आली.

अप्पा धावतच आले. त्यांनी नव्याकोऱ्या शेंदरी बांधाईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय?"

"लेखाचा ठसा घेतलाय, अप्पा. पूर्ण. प्रदर्शनात तो लावूया."

"आणि मूर्ती?"

"लेप काढायचा नाही."

"कारण?"

"ते मला सांगता येणार नाही."

अप्पांचा चेहरा उतरला. चिडले असते तर बरं झालं असतं. "तू शिकलेली आहेस म्हणून तुला बोलावलं," ते हळू म्हणाले. "कारण सांगता येत नाही, हे उत्तर मी चौथीतल्या मुलाकडूनही घेतलं नसतं." रिकामा होत आलेला डबा उचलून ते एकटेच घरी गेले.

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. माझ्यामार्फत आईंशी बोलणंही बंद, म्हणजे घरात चांगलीच शांतता. मला फार वाईट वाटत होतं. या घरात माझं सगळ्यात जास्त कौतुक कुणी केलं असेल तर या माणसानं, आणि त्यालाच मी गावापुढे तोंडघशी पाडत होते. लेखात काय आहे हे त्यांनी विचारलं. सरांनी वाचन तपासल्याशिवाय सांगणार नाही, असं मी म्हटलं. ही आमच्या क्षेत्रातली रीतच होती, पण ती मला तेव्हा सोयीचीही होती.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला. अप्पांनी खरोखर मेहनत घेतली होती. पायली, अडशेरी, शेर ही मापं ओळीनं मांडली होती. मिठागरातली जुनी फळी, गलबताचा नांगर, शेतात सापडलेली शिवराई नाणी, कुणाच्या तरी पणजीची नथ, काचेखाली. मधल्या भिंतीवर माझा ठसा. कारखानीस सर अर्धा तास आधी आले. ठशासमोर उभे राहिले, खालपर्यंत वाचत गेले आणि हळूच म्हणाले, "रोहिणी, हा गद्धेगाळ आहे."

"हो, सर."

"खालचं शिल्प?"

"शाबूत आहे. लेपाखाली आहे."

"छायाचित्र घेतलंस?"

"नाही. घेणारही नाही."

सरांनी चष्मा पुसला. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "शिल्पाच्या छायाचित्राशिवाय हा निबंध चांगल्या नियतकालिकात कुणी घेणार नाही. तुला हे माहीत आहे."

"माहीत आहे, सर. पण शब्द पूर्ण आहेत. त्यातला एकही मी लपवलेला नाही."

"मला पटलेलं नाही," ते म्हणाले. मग माझ्या वाचनातल्या दोन चुका त्यांनी पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "वाचन ठीक आहे. लाव."

मी आजच्या मराठीत लिहिलेला मजकूर ठशाखाली लावला. तोवर लोक जमले होते. फीत कापून झाली. अप्पांनी चष्मा चढवला आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. पुरुष पुढे होते. बायका मागच्या भिंतीला लागून उभ्या होत्या, आई मधोमध.

दान देणाऱ्याचं नाव आलं तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. खारजमिनीचा उल्लेख आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आपलीच की रे." साक्षीदार झाले. पाळणाऱ्याला पुण्य लागेल, तेही झालं. अप्पांचा आवाज चढत चालला होता.

"आणि जो कोणी हे मोडील, त्याच्या आईला..."

ते थांबले. पुढचा शब्द त्यांना दिसत होता.

"पुढं काय, गुरुजी?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

अप्पांनी मान वर करून मागच्या भिंतीकडे बघितलं. आई त्यांच्याकडेच बघत होत्या. एकही बाई खाली बघत नव्हती. मला वाटलं, आता अप्पा काहीतरी जुळवून वेळ मारून नेतील. पण आयुष्यभर मुलांना 'वाक्य पुरं कर' म्हणून सांगितलेला माणूस तो. त्यांनी शब्द न् शब्द वाचला, हळू आणि स्पष्ट. दोनतीन तरुण फिसकन हसले आणि मागे बघून लगेच गप्प झाले.

अशा दगडाच्या खालच्या भागावर काय असतं हे अप्पांना माहीत होतं. माझीच पुस्तकं नेऊन ते वाचत असत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग दाराशी गेले. तिथे फळ्यावर 'श्री बांधाईचे मूळ रूप' छापलेली पत्रिका टाचणीनं लावलेली होती. ती काढून घेतली, चार घड्या घातल्या आणि चष्म्याच्याच खिशात ठेवली. बाहेरगावचे लोक जेव्हा विचारू लागले की, मूळ रूप कुठे आहे, तेव्हा अप्पाच पुढे झाले. "मूळ रूप बांधावर आहे," ते म्हणाले. "शेंदरी आहे. दर्शन घ्या आणि या."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझा तो निबंध एका छोट्या त्रैमासिकात आला आणि कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. पीएच. डी. दुसऱ्या दगडांवर झाली. आता किनारपट्टीवरच्या शिलालेखांचं एक संकेतस्थळ मी आणि माझे विद्यार्थी चालवतो. नकाशावर बोट ठेवलं की दगड समोर येतो, ठसा, वाचन, छायाचित्रं, सगळं घरबसल्या. पालवखारच्या नोंदीत ठसा आहे, वाचन आहे, शेंदरी बांधाईचं एक छायाचित्र आहे. शिल्पाचं छायाचित्र का नाही, असं विचारणारी पत्रं अजून येतात. तिथे आम्ही लिहिलंय, 'शिल्प लेपाखाली आहे.' आमच्या विषयातल्या काही मंडळींना हा हळवेपणा वाटतो. मला तो वाटत नाही आणि मी आता वाद घालायचं सोडून दिलंय. शब्द ठेवावेत आणि अंग झाकावं, हे आईंनी एका सकाळी उन्हात बसून ठरवलं होतं. त्याहून नेमका नियम मला अजून सापडलेला नाही.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते रात्रीचं जेवण. सरांना आम्ही स्टँडवर सोडून आलो होतो. आईंनी पानं वाढली. अप्पा बराच वेळ नुसता भात कालवत राहिले. मग, किती दिवसांनी कोण जाणे, माझ्याकडे न बघता ते थेट आईंशी बोलले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"लग्न झाल्याच्या पहिल्या कार्तिकापासून."

अप्पांनी हिशेब केला असावा. त्यांचा घास हातातच राहिला. "इतकी वर्षं. एका घरात. लहानपणापासून मी तिच्या पाया पडतोय, आणि मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"वाटलं की. पुष्कळदा वाटलं." आईंनी त्यांच्या पानात बिरडं वाढलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. उलट इतक्या मायेनं मी त्यांना अप्पांशी बोलताना क्वचितच ऐकलं होतं. "पण तुम्ही लगेच धुऊन बघितलं असतं."

अप्पांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि हातातला घास तोंडात घातला.